वाळूतला हात आणि यंत्रावरचा हात

मुलांच्या खेळाच्या मैदानात मेटल डिटेक्टर घेऊन उतरलं की पहिल्या अर्ध्या तासात आपला हात कुठे कुठे जातो, ते एकदा नीट पाहावं. वाळूत जातो, स्कूपमध्ये (वाळू उकरून गाळायच्या जाळीदार फावड्यात) जातो, मग कपाळावरचा घाम पुसायला, चष्मा सारखा करायला, हेडफोन नीट बसवायला, फोन बघायला, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला आणि पुन्हा वाळूत. जंतू वाळूतून आपणहून तोंडापर्यंत येत नाहीत. त्यांना हात आणून पोचवतो. म्हणून या कामातली सगळी स्वच्छता जंतू मारण्यापेक्षा घाण झालेली वस्तू कशाकशाला लागते, यावर उभी आहे. हे इतकं ठासून सांगण्याचं कारण म्हणजे वाळूतले सगळ्यात चिवट जीव खिशातल्या सॅनिटायझरने मरतच नाहीत.

खेळाच्या जागेतली वाळू मऊ, भुसभुशीत आणि उकरायला सोपी असते. मांजराला याहून चांगली जागा मिळत नाही. ते उकरतं, शी करतं आणि वरून चार-पाच बोटं वाळू ओढतं. झोपाळ्याखाली, घसरगुंडीच्या तोंडाशी, लोंबकळायच्या दांड्यांखाली मुलांच्या खिशातून पडलेली नाणी, साखळ्या, अंगठ्या साधारण तेवढ्याच खोलीवर जाऊन बसतात. म्हणजे प्रत्येक सिग्नलसाठी आपण नेमका तोच थर उकरतो.

इथे एक गैरसमज फार जणांचा असतो: ‘वाळून गेलेलं आहे, आता त्यात काय राहिलंय?’ प्रत्यक्षात उलटं आहे. कुत्र्या-मांजरांच्या पोटातल्या टॉक्सोकारा या गोलकृमीची अंडी ताज्या विष्ठेत असतात तेव्हा बाधा करत नाहीत. जमिनीत साधारण २ ते ४ आठवडे मुरल्यावर ती बाधक होतात आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तग धरू शकतात. तोवर विष्ठा विरघळून, पसरून दिसेनाशी झालेली असते. मांजराकडून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे ऊसिस्ट, म्हणजे अंड्यासारखे कवचबंद कण, १ ते ५ दिवसांत बाधक होतात आणि ओलसर मातीत वर्षभराहून जास्त टिकू शकतात. दोघांचंही कवच इतकं टणक की अल्कोहोल आणि घरगुती ब्लीच त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतं. चालतं ते दोनच गोष्टींचं, साबण लावून वाहत्या पाण्याने धुऊन काढणं आणि उष्णता. गरोदर स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी वाळूच्या हौदात डिटेक्टिंग करूच नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. हातमोजे घालूनही नाही.

तिसरा पाहुणा अंकुशकृमी. त्याच्या अळ्यांना तोंडाची गरजच पडत नाही, त्या उघड्या कातडीतून शिरतात. गुडघे टेकून, अनवाणी किंवा चपला घालून ओलसर वाळूत बसणाऱ्याला त्यांचा धोका जास्त. यांशिवाय पक्ष्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाबाचे जंतू, उंदरांच्या मुतातून ओल्या मातीत लेप्टोस्पायरा हा तापाचा जंतू आणि जवळपास कोणत्याही मातीत धनुर्वाताचे बीजाणू.

तयारी आदल्या संध्याकाळपासून सुरू होते. नखं कापायची. नखाखाली अडकलेली वाळू घरी दोनदा साबण लावूनही निघत नाही. हातावर चिरा, डास चावून खाजवलेल्या जागा असतील तर त्यांवर पाणी न शिरणारी पट्टी लावायची. धनुर्वाताची लस कधी घेतली, ते पाहायचं. मूळ मात्रा पूर्ण असतील तर दर १० वर्षांनी बूस्टर लागतो, पण मातीने माखलेली खोल जखम झाली आणि शेवटच्या मात्रेला ५ वर्षं उलटलेली असतील तर डॉक्टर पुन्हा देतात. गंजामुळे धनुर्वात होतो असं सर्रास म्हटलं जातं, पण गंजाचा त्यात हात नाही. खिळा खोल शिरतो, आत हवा पोचत नाही आणि खिळ्याबरोबर गेलेल्या मातीतले बीजाणू तिथे वाढतात. चकचकीत नवा खिळाही मातीत पडलेला असेल तर तेवढाच वाईट. हेपटायटिस बीची लसही या छंदात घेऊन ठेवावी. तिच्या तीन मात्रा ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, त्यामुळे उद्या जायचंय म्हणून आज घेऊन भागत नाही.

हातमोज्यांचे दोन थर लागतात. आतून पातळ नायट्राइल, बाहेरून तळव्यावर रबराचा लेप असलेले जाड कापडी. नुसते जाड मोजे घालणारे बरेच असतात, आणि गडबड नेमकी तिथेच होते. लेप फक्त तळव्याला असतो, मागची बाजू साधं कापड. ओल्या वाळूत दहा मिनिटं काम केलं की ते कापड पाणी पितं आणि हात त्याच घाणीत भिजत बसतो. आतला नायट्राइल ते थांबवतो. नायट्राइलच्या चार जोड्या न्यायच्या, कारण घामाने तासाभरात आत पाणी साचतं आणि ओढाताणीत बोटाशी फाटतात. मोज्यांवर ईएन ३८८ या मानकाचे आकडे छापलेले असतात. त्यातला चौथा आकडा टोचण्याला असलेल्या प्रतिकाराचा, पण ती चाचणी जाड, बोथटसर पोलादी टोकाने करतात. इंजेक्शनच्या सुईसाठी एएसटीएम एफ२८७८ ही वेगळी चाचणी आहे. चौथा आकडा ४ आहे म्हणून बिनधास्त वाळूत बोटं खुपसणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

पायांत बंद बूट, अंगात पूर्ण पँट, गुडघ्यांना धुता येतील असे प्लॅस्टिकचे पॅड किंवा टेकायला रबरी चटई. चटई असेल तर तिच्या एका बाजूवर रंगाने मोठी फुली मारून ठेवायची. फुलीची बाजू कायम वाळूकडे. एवढं केलं नाही तर दुसऱ्याच खड्ड्याशी चटई उलटी पडते आणि गुडघा थेट घाणीवर टेकतो. बाकी सामान थोडकंच: झाकणाला टोकदार तोंड असलेल्या बाटलीत २ लिटर धुण्याचं पाणी, छोट्या बाटलीत द्रवसाबण, कागदी रुमाल, लांब चिमटा, घट्ट फिरकीच्या झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा डबा आणि झाकणाची प्लॅस्टिकची पेटी. पिण्याच्या पाण्याची बाटली वेगळी, नळी आत दडलेली असेल अशी.

त्या जागी डिटेक्टर चालतो का आणि उकरायची परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्यायचं. वेळ शक्यतो पहाटेची, मुलं यायच्या आधीची. उकरताना मुलं आजूबाजूला असली की ती कॉइलला (डिटेक्टरच्या जमिनीलगत फिरवायच्या चकतीला) हात लावतात, ‘काय सापडलं’ म्हणून तळहात पुढे करतात. वाळूतून काढलेली वस्तू न धुता मुलाच्या हातात द्यायची नाही, त्याने कितीही हट्ट केला तरी.

पोचल्यावर यंत्र चालू करण्याआधी एक फेरी नुसत्या डोळ्यांनी मारायची. ताजी उकरण, विष्ठा, काचा, सिगारेटची थोटकं, सिरिंजची टोपी. टोपी दिसली तर सुई जवळपास असणार असं धरून चालायचं आणि तो भाग सोडून द्यायचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: डिटेक्टर सुईची सूचना देईलच असं नाही. इंजेक्शनची सुई पातळ स्टेनलेस स्टीलची, वीजवहन कमी. व्हीएलएफ, म्हणजे कमी वारंवारितेवर चालणाऱ्या यंत्रावर ती बहुतेक वेळा अगदी मंद, तुटक आवाज देते किंवा काहीच नाही. चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या तुकड्यावर खणखणीत वाजणारं यंत्र सुईवरून गप्प निघून जातं. म्हणून ‘सिग्नल नाही म्हणजे धातू नाही’ हा हिशेब या जागी करायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. उजव्या हाताने डिटेक्टर धरत असाल तर उजवा हात कोरडा, डावा हात मातीचा. स्कूप, पिनपॉइंटर (वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर), वाळू, सापडलेली वस्तू, कचरा, सगळं डाव्याचं. यंत्राची मूठ, बटणं, हेडफोन, फोन, चष्मा, चेहरा, पाण्याची बाटली, सगळं उजव्याचं. डाव्या हाताने उकरायचं पहिल्या तीन-चार वेळा फार अवघड जातं. स्कूप वेडावाकडा पडतो, टार्गेट निसटतं. तरीही बदलायचं नाही. लांब दांड्याचा स्कूप असेल तर पायाने दाब देता येतो आणि डाव्या हाताला फक्त उचलायचं उरतं. एरवी लहान स्कूप आवडणाऱ्यांनीही या जागांसाठी लांब दांडा घ्यावा असं आमचं ठाम मत आहे, कारण त्याने वाकणं, टेकणं आणि वाळूशी संबंध तिन्ही कमी होतात.

हा नियम मोडतो तो मोठ्या चुकीने नाही, एका बारीक जागेत मोडतो. उकरताना डिटेक्टर खाली ठेवतो तेव्हा पुढे कॉइल टेकते आणि मागे कोपराजवळच्या खोबणीचा तळ. खोबणीचा पट्टा लोंबत असला की तो वाळूत पडतो. नंतर आपण यंत्र उचलतो आणि तोच पट्टा उघड्या हातावर आवळतो. खोबणीच्या आत वाळूचे चार कण चिकटलेले असतात आणि दोन तास झुलवताना ते कोपराखालची कातडी घासत राहतात. संध्याकाळी तिथे लाल चट्टा दिसतो आणि जंतूंना आत जायला वाट झालेली असते. उपाय सोपा आहे. पट्टा वर दुमडून ठेवायचा, यंत्र ठेवताना मागची बाजू चटईच्या कडेवर टेकवायची आणि बाही लांब घालायची.

उकरण्याची पद्धत अशी. कॉइलने जागा पक्की केली की स्कूप टार्गेटच्या चार बोटं मागे घुसवायचा, एका घावात खालून उचलायचा आणि जमिनीलगत हलवायचा. उंच धरून झटकला की बारीक धूळ थेट नाका-डोळ्यांकडे येते. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी, किंवा जमिनीवर वाळूऐवजी लाकडाचा चुरा पसरलेला असेल तेव्हा, एन९५ किंवा एफएफपी२ मास्क लावायचा. ओलसर, काळपट पडलेल्या चुऱ्यात बुरशी असते. तो हलवला की बीजाणूंची धूळ उठते. दमेकऱ्यांनी अशा चुऱ्याकडे जाऊच नये. वाऱ्याकडे पाठ करायची, हे ओघानं आलंच.

वाळू गळून गेल्यावर स्कूपमध्ये जे उरतं त्यात हात घालायचा नाही. स्कूप तिरका करून ते जमिनीवर पसरायचं आणि पिनपॉइंटरच्या टोकाने बाजूला सारत बघायचं. बाटलीची बुचं, केसांच्या पिना, चेनचे तुकडे, फॉइल यांच्यात कधीतरी वाळूचं कवच चढलेला लांबट, करडा गोळा दिसतो. दगडासारखाच दिसतो, पण पिनपॉइंटरने ढकलला की दगड घरंगळतो, हा कडेने भुगा होतो आणि आतून गडद निघतो. ओला असेल तर वासावरूनच कळतं. असा गोळा निघाला की खड्डा तसाच बुजवायचा, स्कूप स्वच्छ वाळूत तीन-चार वेळा खुपसून घासायचा, बाहेरचे मोजे बाटलीतल्या पाण्याने धुवायचे आणि तिथून निदान दोन-तीन पावलं बाजूला सरकायचं. मांजर एकाच कोपऱ्यात परत परत येतं, म्हणून एक सापडला तर शेजारी आणखी असणारच.

सापडलेलं नाणं थुंकी लावून अंगठ्याने चोळायची सवय तर या छंदातली सगळ्यात जुनी. साल वाचायची घाई समजते, पण तो अंगठा पुन्हा ओठांकडे जातोच. शिवाय वाळूचे कण नाण्यावर घासून बारीक ओरखडे पाडतात आणि ते कायमचे राहतात. नाणं तसंच पेटीत टाकायचं. पेटी कमरेच्या पिशवीत, पँटच्या खिशात नाही, कारण त्याच खिशात नंतर किल्ल्या आणि रुमाल जातात. काचा, ब्लेड, गंजके खिळे जाड डब्यात. लोखंडाचे आवाज यंत्रावर बंद करून टाकले तर उकरणं आणि घाणीशी येणारा संबंध कमी होतो, हे खरं. पण इथे उद्या मुलं अनवाणी धावणार आहेत. वरच्या थरातला खिळा जागेवर सोडून जाणं आम्हाला पटत नाही. बटन सेल सापडला तर तोही आठवणीने उचलायचा. तो गिळला गेल्यास तासाभरातच अन्ननलिका भाजायला लागते.

सुई सापडली तर घाई नाही. डबा जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्या हातात धरायचा नाही. हातात धरलेल्या डब्यात टाकताना सुई सहज टोचते. चिमट्याने सिरिंजच्या मागच्या बाजूला धरून, टोक खाली ठेवून आत सोडायची, टोपी परत बसवायची नाही, झाकण घट्ट फिरवायचं. त्या दिवशी त्या हौदात पुढे उकरायचं नाही आणि मैदानाची देखभाल करणाऱ्यांना नेमकी जागा सांगायची.

टोचलीच तर जखम चोखायची नाही, पिळायची नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि तडक रुग्णालय गाठायचं. रुग्णालयात बाधित रक्ताची ताजी सुई टोचल्यावरही एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के धरतात. बाहेर पडून राहिलेल्या सुईचा धोका त्याहून बराच कमी. पण प्रतिबंधक औषधं सुरू करायची तर ती ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली. उद्या सकाळी बघू, असं म्हणायला तिथे जागा नाही. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस टिकतो, म्हणून लसीचा आग्रह.

निघताना धुण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी स्कूप, मग पिनपॉइंटर, मग कॉइलचा तळ, शेवटी मोज्यांच्या बाहेरच्या बाजू. त्यानंतर बाहेरचे मोजे काढायचे. आतला नायट्राइल काढताना एका हाताने दुसऱ्या मोज्याची मनगटाजवळची बाहेरची कड चिमटीत धरून उलटा सोलायचा, तो मुठीत गोळा करायचा, मग उघडं बोट उरलेल्या मोज्याच्या आत सरकवून तोही उलटा ओढायचा. पहिला मोजा दुसऱ्याच्या पोटात जातो. मग साबणाने हात २० सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे धरून. सॅनिटायझर त्यानंतर हवा तर लावा. तो निदान ६० टक्के अल्कोहोलचा असावा, पण मातकट हातावर तो नीट काम करत नाही आणि जंताच्या अंड्यांवर तर नाहीच. सगळं सामान झाकणाच्या टबात. गाडीच्या सीटवर कॉइल ठेवली की पुढचे आठ दिवस ती वाळू घरभर फिरते.

घरी आल्यावर कॉइलचं संरक्षक झाकण काढायचंच. त्याच्या आत वाळूचा पातळ थर साठतो. तो घाण तर असतोच, शिवाय त्यात काळी लोहमिश्रित वाळू असेल तर यंत्र उगाच चिवचिवतं. कॉइल कोमट साबणाच्या पाण्याने, उकळत्या नाही, आतलं इपॉक्सी आणि बाहेरचं प्लॅस्टिक तडकतं. कंट्रोल बॉक्स नुसत्या ओलसर फडक्याने. पिनपॉइंटरचं बॅटरीचं झाकण घट्ट आहे हे बघून मगच पाण्याखाली धरायचा, आणि धुऊन कोरडा झाल्यावर ते उघडून आट्यांमधले कण ब्रशने काढायचे. एक कण रबरी रिंगखाली राहिला की पुढच्या वेळी आत पाणी जातं. स्टीलच्या स्कूपवर मात्र उकळतं पाणी ओतता येतं. घाण धुऊन काढल्यावर दोन लिटर सावकाश फिरवून ओतायचं, ऊसिस्टवर खात्रीने चालणारा उपाय हाच. हेडफोनच्या गाद्या आणि फोन ७० टक्के अल्कोहोलने पुसायचे. कपडे न झटकता थेट मशिनमध्ये, ६० अंशांवर.

सापडलेल्या वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच धुवायच्या नाहीत. वेगळं भांडं, वेगळा ब्रश, नायट्राइलचे नवे मोजे. भांडी घासायच्या साबणाचे तीन-चार थेंब टाकून १० ते १५ मिनिटं भिजवायचं, हलवायचं, पाणी शौचालयात ओतायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा. ब्रश मारताना वस्तू आणि ब्रश दोन्ही पाण्याखाली ठेवायचे. पाण्याबाहेर घासलं की केस झटकले जाऊन तुषार उडतात आणि चष्म्याच्या काचेवर त्याचे बारीक ठिपके दिसतात. चष्मा नसेल तर ते ठिपके डोळ्यांत. साध्या नाण्यांवर शेवटी ७० अंशांच्या आसपासचं पाणी घालून १० मिनिटं ठेवायचं. मोती, ओपल किंवा गोंदाने बसवलेले खडे असतील तर कोमटच. ब्लीच लावायचं नाही. चांदी काळी पडते, ॲल्युमिनिअमला खड्डे पडतात, आणि ज्यासाठी लावायचं ती अंडी मरत नाहीत. आणि डाग काढायला म्हणून त्यात व्हिनेगर मिसळलं तर क्लोरिन वायू सुटतो. खेळण्यातल्या गाड्यांच्या पोटात घट्ट बसलेली वाळू पुरती निघत नाही. त्या ठेवून घेऊ नयेत. अंगठीचा मालक सापडला तर ती स्वच्छ करूनच द्यायची, खड्याच्या कोंदणातली माती टूथपिकने काढून.

आमच्या नोंदवहीत तारीख, जागा आणि सापडलेल्या वस्तूंशेजारी एक रकाना जास्त असतो: टोचलं, कापलं, विष्ठा लागली का. जुलाब दोन-तीन दिवसांनी सुरू होतात, कधी आठवड्याने. धनुर्वाताची लक्षणं ३ ते २१ दिवसांत, लेप्टोचा ताप २ ते ३० दिवसांत. गुडघ्यावर किंवा पायावर खाजणारी, रोज थोडी पुढे सरकणारी नागमोडी लाल रेघ दिसली तर ती अंकुशकृमीची अळी. मानेच्या गाठी सुजून अंग मोडून आलं, किंवा एका डोळ्याने अंधुक दिसू लागलं, तरी डॉक्टरांना वाळूत उकरल्याचं आपणहून सांगावं लागतं, ते विचारणार नाहीत. नोंदवही सोबत न्यायची आणि तो रकाना उघडून पुढे ठेवायचा.